कोल्हापूरच्या कला-संस्कृतीविषयक निर्णयांत रहिवाशांचा सहभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात एखादी जुनी वास्तू जळाली, विकली गेली किंवा पाडायला निघाली की शहर रस्त्यावर येते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या वास्तूचे पुढे काय करायचे याचा आराखडा बंद खोलीत तयार होत असतो, तेव्हा तिथे रहिवासी क्वचितच असतात. पुढील प्रश्न नाट्यकर्मी, पेठांतील मंडळांचे कार्यकर्ते, वाचनालयांचे सभासद आणि या कशाचेही सभासद नसलेले नागरिक वारंवार विचारतात.

रहिवाशांचा सहभाग म्हणजे नेमके काय? मत विचारले की सहभाग झाला का?

नाही. नागरी सहभागाच्या अभ्यासात शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी आजही वापरली जाते. तिच्या तळाशी लोकांची केवळ समजूत काढणे आहे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे आणि मत विचारणे आहे, तर वरच्या पायऱ्यांवर निर्णयात प्रत्यक्ष वाटा आहे. आपल्याकडचे बहुतेक कायदे नागरिकाला ‘हरकती व सूचना’ देण्याचा अधिकार देतात, म्हणजे मधल्या पायरीपर्यंत आणून सोडतात. प्रस्ताव दुसऱ्याने तयार करायचा आणि रहिवाशाने त्यावर प्रतिक्रिया द्यायची, अशी ही रचना आहे. त्यामुळे कोल्हापूरकर हरकत घेण्यात तरबेज झाला, पण प्रस्ताव मांडण्याची सवय त्याला फारशी लागली नाही. आराखडा आणि अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी विचारणा झाली आणि दिलेल्या प्रत्येक सूचनेचे काय झाले हे लेखी कळले, तरच त्याला सहभाग म्हणावे, असे आमचे मत आहे.

असा सहभाग मागण्याला कायद्याचा आधार आहे का?

आहे, पण तो कागदावर जितका भक्कम दिसतो तितका व्यवहारात नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय तिच्यात आहेत आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा त्यांपैकी एक आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असेही हीच दुरुस्ती सांगते. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास असल्याने ही तरतूद आपल्याला लागू होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी नामनिर्देशित करता येतात, आणि त्याच अधिनियमात २००९ मध्ये ‘क्षेत्र सभे’ची तरतूद आली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली एकत्र बसून कामे सुचवावीत, अशी ती कल्पना आहे.

राज्यातील बहुतेक शहरांप्रमाणे इथेही क्षेत्र सभा सामान्य रहिवाशाच्या ओळखीची झालेली नाही. त्यातच नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला, म्हणजे ज्याच्याकडे जाऊन ‘सभा बोलवा’ म्हणायचे तो नगरसेवकच नव्हता. शहरातील सर्वांत मोठा सांस्कृतिक आघात, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहाची आग, याच काळात झाला, हेही लक्षात घ्यावे लागेल.

केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीबाबत रहिवाशांनी नेमके काय विचारावे?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण सहभाग कुठे आवश्यक आहे आणि कुठे नाही, हे या एका वास्तूवरून सर्वांत स्पष्ट दिसते.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून हे नाट्यगृह बांधले आणि १९१५ मध्ये ते ‘पॅलेस थिएटर’ या नावाने सुरू झाले. पुढे १९५७ मध्ये त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, या नाट्यगृहाला आग लागली, छत कोसळले आणि रंगमंच व प्रेक्षागृह भस्मसात झाले. ‘होते तसेच उभारा’ ही मागणी लगेचच पुढे आली. ती भावनेने पूर्णपणे समजण्यासारखी असली, तरी काही बाबतींत अपुरी आहे.

बाहेरील दगडी रूप, दर्शनी भाग आणि प्रेक्षागृहाचे मूळ प्रमाण यांबाबत ‘होते तसेच’ हा आग्रह धरावा. वारसा वास्तूंचे जाणकार आणि स्थापत्य अभियंते यांनी तो तांत्रिक निकषांवर तपासावा, कारण दगडी भिंतींनी आगीची आच किती सोसली, हे हात वर करून ठरवता येत नाही. पण आतील अनेक गोष्टी होत्या तशा नकोतच, आणि त्या कोणत्या हे वापरणाऱ्यांनाच ठाऊक असते. स्त्री कलाकारांसाठी स्वतंत्र रंगपटगृह आणि स्वच्छतागृह रंगमंचापासून किती पावलांवर असावे, चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षक मुख्य दारानेच आत येईल की त्याला मागच्या बाजूने न्यावे लागेल, नेपथ्याचा ट्रक कुठून लावायचा, आग लागल्यास बाल्कनीतील वृद्ध प्रेक्षक कोणत्या जिन्याने उतरेल, या प्रश्नांची उत्तरे नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, रंगमंच कामगार आणि नियमित प्रेक्षक यांच्याकडे आहेत. त्यांना निविदेपूर्वी विचारले तर बदल नकाशावरच होतो. काम सुरू झाल्यावर विचारले तर त्याच बदलासाठी सुधारित मान्यता, वाढीव खर्च आणि आणखी काही महिने लागतात.

तिसरा भाग वास्तूचा नसून कारभाराचा आहे, आणि आमच्या मते तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. भाडे किती असावे, हौशी संस्थांना सवलत किती, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींसाठी रंगमंच मिळेल का, शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकांना आधी की स्थानिक संस्थांना आधी, शासकीय कार्यक्रमासाठी ऐन वेळी तारीख काढून घेतली तर त्याची भरपाई काय, हे सारे निर्णय वर्षानुवर्षे परिणाम करत राहतात. नाट्यगृह झळाळून उभे राहिले आणि भाडे स्थानिक हौशी संघाच्या आवाक्याबाहेर गेले, तर ती वास्तू वाचूनही नाट्यपरंपरा वाचत नाही. म्हणून नाट्यसंस्था, प्रेक्षक, तंत्रज्ञ आणि परिसरातील रहिवासी यांचा समावेश असलेली, सल्ल्यापुरतीच नव्हे तर भाडेदर व तारखांच्या धोरणावर मत नोंदवण्याचा अधिकार असलेली कायमस्वरूपी समिती मागणे, हे आराखड्यावर सूचना देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कोणता निर्णय कोणाच्या हाती असतो, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

निवेदन चुकीच्या दारात दिल्याने वाया गेलेली मेहनत इथे कमी नाही. ढोबळमानाने सांगायचे तर महापालिकेच्या मालकीची नाट्यगृहे, उद्याने, चौकांतील शिल्पे आणि पुतळ्यांभोवतीचे सुशोभीकरण यांसाठी महापालिका. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयासाठी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. राज्य नाट्य स्पर्धेसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालय. अंबाबाई मंदिराच्या व्यवस्थापनासाठी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती. मोरेवाडीच्या चित्रनगरीसाठी राज्य शासन. आणि जिल्हा निधीतून होणाऱ्या कामांसाठी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती. अंबाबाई मंदिर परिसराच्या विकास आराखड्यासारख्या विषयात देवस्थान समिती, महापालिका, जिल्हाधिकारी आणि मंत्रालय असे सगळेच असतात. अशा वेळी एकच निवेदन चारही ठिकाणी द्यावे आणि प्रत्येकाकडून पोच घ्यावी.

करवीर नगर वाचन मंदिर (स्थापना १८५०) किंवा गायन समाज देवल क्लब (स्थापना १८८३) यांसारख्या संस्थांचा प्रश्न वेगळा आहे. तेथील निर्णय त्यांच्या घटनेनुसार सभासद आणि कार्यकारिणी घेतात. त्यांच्या कारभारात आवाज हवा असेल तर सभासद होऊन वार्षिक सभेला जाणे, हाच साधा मार्ग आहे. वार्षिक सभांतील रिकाम्या खुर्च्या पाहता तो फारसा कोणी वापरत नाही.

पेठांतील तालमी आणि मंडळे लोकांच्या वतीने बोलतातच. मग आणखी वेगळ्या सहभागाची गरज काय?

तालमींचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. कुस्ती, फुटबॉल, मर्दानी खेळ, गणेशोत्सव आणि मोहरमचे पंजे एकाच छताखाली सांभाळणारी अशी संस्था इतर शहरांत सहज सापडत नाही. बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी गणपती आणि पीर यांची परंपरा शेजारी-शेजारी नांदते. टोलविरोधी आंदोलनात याच तालमी आणि मंडळांनी शहर उभे केले होते. गणेशमूर्तींचे विसर्जन पंचगंगेऐवजी ‘इराणी खण’ या पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत करण्याचा पर्यायही पर्यावरण कार्यकर्ते, प्रशासन आणि मंडळे यांच्यातील दीर्घ रस्सीखेचीतूनच पुढे सरकला; केवळ आदेशाने तो झाला नसता.

तरीही तालीम ही मुख्यतः पुरुषांची जागा आहे, हे स्पष्टपणे बोलले पाहिजे. पेठेतील बैठक तालमीत घेतली की त्या पेठेतील निम्मे रहिवासी, म्हणजे स्त्रिया, कोणीही मज्जाव न करता बाहेर राहतात. नव्या वसाहतींतील लोक, सदर बाजार किंवा उपनगरांतील झोपडपट्ट्या, शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेली मुले यांची कोणतीच तालीम नसते. त्यामुळे तालमींशी चर्चा करावीच, पण तेवढ्यावर ‘पेठेचे मत घेतले’ असे लिहू नये. त्याच विषयावर शाळेच्या वर्गखोलीत किंवा बचत गटाच्या बैठकीत दुसरी चर्चा घ्यावी आणि दोन्हींचे इतिवृत्त शेजारी-शेजारी ठेवावे. त्यांतील फरक पाहण्यासारखा असतो.

कला हा जाणकारांचा प्रांत आहे. सर्वसामान्यांना विचारून दर्जा घसरणार नाही का?

ही शंका प्रामाणिक आहे आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँ यांना दरबारात आश्रय दिला, तो मतदान घेऊन नव्हे. जयपूर-अत्रौली गायकीची या शहरात रुजलेली मुळे एका गुणग्राहक राजाच्या निर्णयातून आली. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली तेव्हाही कोणी जनमत चाचणी केली नव्हती. तेव्हा गायकाने कोणता राग गावा, चित्रकाराने काय रंगवावे, नाटकाचा शेवट कसा असावा, हे बहुमताने ठरवू नये, असे आम्हालाही वाटते. लोकांच्या भावनांचे नाव पुढे करून प्रयोग बंद पाडणे याला तर सहभाग म्हणता येणारच नाही.

परंतु सार्वजनिक पैसा, जागा आणि वेळ यांविषयीचे निर्णय वेगळे आहेत. चौकात शिल्प कुठे बसवावे, महोत्सव रंकाळ्यावर घ्यावा की उपनगरात, तिकीट किती असावे, कलादालन रविवारी उघडे ठेवावे की नाही, यांत रहिवाशाचा शब्द कलावंताच्या स्वातंत्र्याला बाधक ठरत नाही. शिवाय जाणकार बाहेरूनच येतात असेही नाही. मावळतीची किरणे मंदिरातील मूर्तीपर्यंत पोहोचतात त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या वेळी, म्हणजे नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस, या किरणांच्या मार्गात कोणते अडथळे येतात याची निरीक्षणे स्थानिक महाविद्यालयांतील अभ्यासकांनी नोंदवली. त्या नोंदींमुळेच हा विषय श्रद्धेपुरता न राहता नगररचनेचा झाला.

जयप्रभा स्टुडिओसारखी वास्तू खासगी मालकीची असेल, तर रहिवासी काय करू शकतात?

मर्यादित, पण महत्त्वाचे काही. १९३३ मध्ये कोल्हापूर सिनेटोन म्हणून सुरू झालेला आणि पुढे भालजी पेंढारकरांनी ‘जयप्रभा’ या नावाने चालवलेला हा स्टुडिओ १९४८ च्या दंगलीत जळाला आणि पुन्हा उभा राहिला. तेथील जागेची खासगी व्यवहारात विक्री झाल्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये समोर आले, तेव्हा चित्रपट कलावंत आणि नागरिक उपोषणाला बसले. शहराने आवाज उठवला, पण तो खरेदीखत झाल्यानंतर. निकाली कुस्ती झाल्यावर जोड लावायला जाण्यासारखा हा प्रकार आहे.

खासगी मालकाला विक्रीपासून रोखण्याचा अधिकार रहिवाशांना नाही आणि तो असावा असेही नाही. मात्र वास्तू वारसा यादीत कोणत्या श्रेणीत आहे, विकास योजनेत त्या जागेवर कोणते आरक्षण आहे आणि ते बदलण्याचा प्रस्ताव आला आहे का, या तीन गोष्टींवर लक्ष ठेवता येते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आरक्षण बदलायचे असल्यास नोटीस काढून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ही नोटीस शासन राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत बारीक अक्षरांत येते, तिच्यात गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक असतो आणि वास्तूचे ओळखीचे नाव बहुधा नसतेच. म्हणून आपल्या भागातील जुने वाडे, स्टुडिओ, चित्रपटगृहे यांचे सिटी सर्व्हे क्रमांक आधीच टिपून ठेवणे, हे कंटाळवाणे असले तरी सर्वांत उपयोगी काम आहे.

गणेशोत्सवातील आणि इतर मिरवणुकांतील डॉल्बीबाबत रहिवाशांचे मत विचारात घेतले जाते का?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा रात्री बारापर्यंत शिथिल करता येते. निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ते पंधरा दिवस कोणते, हे जिल्हा पातळीवर जाहीर होते. रहिवाशांनी याच टप्प्यावर, म्हणजे वर्षाच्या आरंभी, जिल्हाधिकाऱ्यांकडे मत मांडावे. उत्सव तोंडावर आल्यावर होणाऱ्या शांतता समितीच्या बैठकीत मंडळांचे पदाधिकारी आणि पोलीस असतात. मिरवणुकीच्या मार्गावरील रुग्णालये, दहावी-बारावीची मुले आणि घरातील आजारी माणसे यांच्या वतीने बोलणारे फारसे कोणी नसते.

आपली सूचना महापालिकेच्या अंदाजपत्रकात यावी यासाठी केव्हा आणि कसे लिहावे?

आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याआधी काही महिने चालू असते. त्यामुळे फेब्रुवारीत दिलेले निवेदन छायाचित्रापुरते उरते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आयुक्तांच्या नावे लेखी सूचना द्यावी, प्रत संबंधित विभागप्रमुख आणि आपल्या प्रभागातील नगरसेवकांना द्यावी. ‘कलेला प्रोत्साहन द्यावे’ असे मोघम लिहू नये; कोणत्या जागी, कोणासाठी, काय, आणि साधारण किती खर्चात, हे एका पानात बसवावे. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची पद्धत सुरू केली. अशा पद्धतीत रस्ते, गटारे आणि दिवे साहजिकच पुढे राहतात. म्हणून कोल्हापुरात असे काही करायचे झाल्यास सांस्कृतिक कामांसाठी लहानशी का होईना वेगळी रक्कम राखून ठेवण्याचा आग्रह धरावा लागेल.

रहिवाशांची बैठक घ्यायची तर कोणती काळजी घ्यावी?

सकाळी अकराला शाहू स्मारक भवनात ठेवलेल्या बैठकीला निवृत्त लोक आणि पदाधिकारी येतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळीत काम करणारा, लक्ष्मीपुरीतील दुकानदार आणि घरकाम करणारी स्त्री त्या वेळी येऊ शकत नाही. एका विषयावर किमान दोन वेगवेगळ्या वेळी आणि दोन वेगळ्या भागांत बसावे. नकाशा भिंतीवर मोठा लावावा आणि प्रास्ताविक दहा मिनिटांत आटोपावे. व्यासपीठ, हार आणि सत्कार यांना फाटा दिला तर निम्मा वेळ वाचतो. बोलणाऱ्याचे नाव, भाग आणि मुद्दा नोंदवून इतिवृत्त आठवड्याच्या आत सर्वांना उपलब्ध करून द्यावे.

भाडेकरू आणि बाहेरगावचे विद्यार्थी रहिवाशांत मोडतात का?

क्षेत्र सभेचे सदस्यत्व मतदार यादीवर ठरत असल्याने, इथल्या यादीत नाव नसेल तर तिथे नाही. हरकती व सूचना देण्यास, निवेदन देण्यास किंवा माहिती मागण्यास मात्र मतदार असण्याची अट नाही.

पन्हाळ्यासारख्या ठिकाणी जागतिक मान्यता मिळाल्यावर स्थानिकांचे काही चालते का?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. या गडावर नांदती वस्ती असल्यामुळे निर्बंध वाढतील, व्यवसाय जातील, अशी धास्ती रहिवाशांना वाटणे स्वाभाविक होते. वस्तुतः संरक्षित स्मारकाभोवती पहिल्या १०० मीटरमध्ये बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटरमध्ये परवानगीची अट हा केंद्रीय कायदा आधीपासूनच लागू आहे. स्थानिकांचे बोलणे व्यवस्थापन आराखड्याच्या टप्प्यावर उपयोगी पडते: वाहनतळ गडाखाली असावा का, मार्गदर्शक म्हणून गावातील तरुणांना प्राधान्य मिळेल का, घरदुरुस्तीच्या परवानगीसाठी खेटे घालावे लागणार नाहीत अशी खिडकी पन्हाळ्यावरच उघडेल का. हे लेखी मागावे आणि नगरपरिषदेच्या ठरावातून मागावे.

सूचना दिली, पोच घेतली, पण उत्तरच आले नाही. पुढे काय?

आधी लोकशाही दिनात अर्ज करून पाहावा. तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो आणि अधिकारी समोर असल्याने निदान फाइल कुठे आहे हे कळते. त्यानेही भागले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये असून राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ‘माझ्या सूचनेचे काय झाले’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘विचाराधीन आहे’ इतकेच येते. अमुक तारखेच्या आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणी, शेरे आणि संबंधित बैठकीचे इतिवृत्त यांच्या प्रती मागाव्यात. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर त्यापुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे आणि तिथेही समाधान न झाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. आयोगाकडे सुनावणीला बराच काळ लागू शकतो, म्हणून निविदा निघण्याच्या बेतात असलेल्या कामासाठी प्रथम अपिलाच्या सुनावणीलाच सर्व कागदपत्रांसह स्वतः हजर राहावे.